डिटरमिनंट शून्य आला म्हणून पेन खाली ठेवू नका
समीकरणं मॅट्रिक्सने (म्हणजे एक्स, वाय, झेडच्या सहगुणकांच्या चौकटीने) सोडवताना बरेच जण म्हणतात की डिटरमिनंट (त्या चौकटीवरून काढलेली एक संख्या) शून्य आला की इन्व्हर्स (ज्याने गुणून उत्तर काढतात तो व्यस्त मॅट्रिक्स) निघत नाही, म्हणजे उत्तरच नाही. पहिलं अगदी बरोबर, पण दुसरं नाही हो, आणि इथेच खूप जणांचे मार्क जातात म्हणून लिहितोय.

हे घ्या: एक्स + वाय + झेड = ६, एक्स + २वाय + ३झेड = १४, एक्स + ३वाय + ५झेड = २२. डिटरमिनंट शून्यच येतो. आता उजवीकडचे आकडे मॅट्रिक्सला चौथा कॉलम (उभा स्तंभ) म्हणून जोडा आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतून पहिली वजा करा, मग उरतं वाय + २झेड = ८ आणि २वाय + ४झेड = १६, म्हणजे तिसरी ओळ दुसरीच्या दुप्पट, तिसरीतून दुसरीची दुप्पट वजा केली की तिथे सगळी शून्यं. म्हणून झेड = टी धरा, वाय = ८ − २टी, एक्स = टी − २, टी काहीही घ्या, उत्तरं अगणित! आता फक्त २२ च्या जागी २३ करून बघा, शेवटच्या ओळीत ० = १ येतं, तेव्हा मात्र खरंच उत्तर नाही. डाव्या बाजूचा मॅट्रिक्स दोन्हीकडे तोच आहे बरं का, त्यामुळे नुसता डिटरमिनंट हा फरक सांगूच शकत नाही.

मी तर इन्व्हर्स मुद्दाम विचारला असेल तरच काढतो, नाहीतर सरळ ओळींवर क्रिया. शेवटी किंमती मूळच्या तिन्ही समीकरणांत घालून बघायच्याच, वजाबाकीत चिन्ह हमखास चुकतं.