मदत हवी आहे: बेळगावचा दवाखाना कोल्हापुरात हलवतोय, नोंदण्यांची सुरुवात कुठून करू?

सीमेवरचा_फिजिशियन

नमस्कार मंडळी. मी एमडी मेडिसिन. शिक्षण सगळं कर्नाटकातलं, रजिस्ट्रेशनही कर्नाटक मेडिकल कौन्सिलचं. बेळगावात स्वतःचा दवाखाना आहे. घरच्या कारणाने आता कोल्हापुरात, महापालिका हद्दीतच, बस्तान हलवतोय. जागा ठरली आहे. बाहेर वेटिंग, मध्ये कन्सल्टिंग आणि आत एक खोली. आतल्या खोलीत दोन बेड टाकायचा विचार आहे. जुलाबाच्या पेशंटला सलाईन, दम्याला नेब्युलायझर, अ‍ॅनिमियाच्या बायकांना आयर्न, एवढंच. माझं पोर्टेबल इको मशीनही (हृदयाच्या सोनोग्राफीचं) बरोबर आणणार आहे.

आमच्याकडे कर्नाटकात केपीएमई, म्हणजे खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा आहे. साधी ओपीडी असली तरी जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे नोंद लागते, त्यामुळे काय करायचं ते एका जागी कळतं. इथे त्याच्या जोडीचं काय, हेच समजेना. एक मित्र म्हणतो शॉप अ‍ॅक्ट केलं की झालं. दुसरा म्हणतो नर्सिंग होम रजिस्ट्रेशनशिवाय पाटीच लावू नको. एक एजंट ‘सगळं पॅकेजमध्ये’ म्हणून आकडा सांगून गेला, पण कशाकशाचे पैसे ते लिहून द्यायला तयार नाही. मला कागद स्वतःच करायचे आहेत. आधी कुणाचं दार ठोठवायचं?

निवृत्त_आरोग्याधिकारी

डॉक्टर, आधी त्या दोन बेडचं ठरवा. बाकी निम्मे प्रश्न त्यावर अवलंबून आहेत.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे चालतो तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. तो निव्वळ ओपीडीला लागू होत नाही, म्हणून तुमच्या पहिल्या मित्राचंही अगदीच चुकीचं नाही. पण व्याख्या नीट वाचा. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसाला ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा म्हणजे नर्सिंग होम. किती बेड, किती तास, रात्र की दिवस, याचा आकडा त्यात नाही. ‘डे-केअर आहे, रात्री कुणी राहत नाही’ हा युक्तिवाद आमच्यासमोर नेहमी व्हायचा. आत गेलं की पडद्यामागे सलाईनचा स्टँड, उशाशी नातेवाइकाचा डबा आणि टेबलावर ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट. मग त्या जागेला ओपीडी कसं म्हणायचं?

म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागाला खोलीचा नकाशा जोडून लेखी विचारा: अमुक उपचारांसाठी दोन बेड, पेशंट संध्याकाळपर्यंत घरी, नोंदणी लागेल का? आवक क्रमांक घेऊन प्रत जपा. तोंडी उत्तर देणारा अधिकारी उद्या बदलून जातो.

नोंदणी लागली तर ती तीन वर्षांसाठी मिळते. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं, तक्रार निवारणाची सोय ठेवणं हे सगळं आलं. पात्र नर्स दाखवावी लागते. आणि अग्निशमनाचा विषय येतो. जानेवारी २०२१ च्या भंडाऱ्याच्या आगीनंतर फायरच्या कागदांकडे कुणी डोळेझाक करत नाही. तुमची इमारत निवासी असेल तर पहिला खोडा तिथेच बसेल, भाडेकरार करण्याआधी तेवढं बघा.

दवाखानेवाली

मी पुण्यात ओपीडीच करते, बेड मुद्दाम ठेवले नाहीत. दोन बेडच्या उत्पन्नासाठी एवढा व्याप परवडत नाही हे माझं मत. शेजारच्या नर्सिंग होमशी बोलून पेशंट तिकडे पाठवायचे. आयर्न क्लिनिकमध्येच लावणार असाल तर अ‍ॅड्रेनलिन, ऑक्सिजन आणि ते वापरता येणारा माणूस, रिअ‍ॅक्शन आली तर, हाताशी हवाच, हे तुम्हाला सांगायला नको.

शॉप अ‍ॅक्टचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्यात डॉक्टरांचे दवाखाने स्पष्टपणे धरलेत. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती) तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. व्यवसाय कर विसरू नका, स्वतःचा वर्षाला २५०० रुपये. रिसेप्शनिस्टचा पगार कराच्या मर्यादेत आला तर तिचा वेगळा कापून भरायचा.

जुना_एमडी

बेडच्याही आधी कौन्सिल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर हातात नसताना पाटी लावू नका. कर्नाटक कौन्सिलकडून एनओसी घ्यायची, मग इथे अर्ज. एमडीची नोंद अतिरिक्त पात्रता म्हणून वेगळी होते. ती झाली नाही तर प्रिस्क्रिप्शनवर एमडी लिहिताना अडचण येईल. इथल्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी वैद्यकीय प्रशिक्षण कार्यक्रमांचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. डॉक्टरांच्या राष्ट्रीय रजिस्टरचं पोर्टल २०२४ मध्ये सुरू झालंय, पण तिथे नाव घातलं म्हणून राज्याची नोंदणी सुटली असं समजू नका.

शनिवारी-रविवारी बेळगावात पेशंट बघणं चालू ठेवायचं असेल तर एनओसीचा अर्ज करण्याआधी तिथल्या कौन्सिलला लेखी विचारा. मग मागे फिरणं जिकिरीचं होतं.

सोनोग्राफीवाला

अहो, इको मशीनचं कुणीच कसं बोललं नाही? सर, ते मशीन जागेवरून हलवू नका!

‘मी तर हृदय बघतो, गर्भाशी माझा काय संबंध’ हा बचाव इथे चालत नाही. गर्भलिंग दाखवू शकेल अशा कुठल्याही यंत्राला पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याची) नोंदणी लागते, इको आणि खिशातलं हँडहेल्डसुद्धा त्यात आलं. नोंदणी जागेची आणि यंत्राची असते, तुमच्या नावावर फिरणारी नसते. बेळगावच्या प्रमाणपत्रावर कोल्हापुरात वापरलं तर यंत्र सील होईल, शिवाय गुन्हा. नियमात तर असंय की जागा किंवा यंत्र बदलायचं असेल तर प्राधिकाऱ्याला ३० दिवस आधी कळवायचं. तिकडच्या प्राधिकाऱ्याला कळवा, इथे महापालिकेच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा, प्रमाणपत्र हातात आलं की मगच यंत्र गाडीत घाला. कोल्हापूर म्हणजे ‘सायलेंट ऑब्झर्वर’चा (सोनोग्राफी यंत्रावर नजर ठेवणाऱ्या उपकरणाचा) जिल्हा आहे, इथे या कायद्याचा कडक अंमल जुना आहे.

ईसीजीला असलं काही नाही. एक्स-रे टाकणार असाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर जावं लागेल.

सीमेवरचा_फिजिशियन

बापरे. इको मशीन पुढच्या आठवड्यात टेम्पोत जाणार होतं. थांबवलं.

बेडचं घरी बोललो. सध्या ओपीडीच सुरू करतो, आतल्या खोलीत तपासणीचं टेबल आणि नेब्युलायझर. महापालिकेला पत्र मात्र देतोच. आता दोन गोष्टी राहिल्या. इंजेक्शनच्या सुया-सिरिंजचं काय करायचं? आणि मी थोडी औषधं दवाखान्यातून देतो, त्यासाठी एफडीएचं लायसन्स लागतं का?

दवाखानेवाली

औषधांचं सोपं आहे. स्वतःच्या पेशंटला स्वतः देत असाल तर औषध नियमांच्या अनुसूची ‘के’खाली विक्री परवान्यातून सूट आहे. अट अशी की दुकान मांडायचं नाही. काउंटरवरून दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध गेलं की सूट संपली. खरेदीची बिलं फाइलला लावा, अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक पहिलं तेच मागतो. मुदत संपलेल्या स्ट्रिप्स ड्रॉवरच्या तळाशी पडून असतात, त्या आधी काढा.

दवाखान्यात बेड असो नसो, जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करायचा. बेड नसलेल्यांना प्राधिकारपत्र एकदाच घ्यावं लागतं. त्याआधी शहरात कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राचं सभासदत्व घ्या. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज आणि आयव्ही सेट लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काचेच्या व्हायल निळ्यात. ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही. वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. कंपाउंडर सुई टोपणासकट लाल पिशवीत टाकतो आणि कचरा उचलणाऱ्याच्या हाताला टोचते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून सुई कटर टेबलाला लागूनच ठेवा, खोलीच्या कोपऱ्यात नको.

निवृत्त_आरोग्याधिकारी

ओपीडीचा निर्णय ठीक. फिजिशियन आहात म्हणून आणखी एक: टीबीचा पेशंट निदान झाला की निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंदवणं खासगी डॉक्टरलाही सक्तीचं आहे. २०१२ पासून आदेश आहे आणि २०१८ च्या राजपत्रानंतर न कळवणं दंडनीय. शहर क्षयरोग अधिकाऱ्याकडून निक्षयचा लॉगिन पहिल्याच महिन्यात करून घ्या.

रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर आणि पावतीवर हवा. डॉक्टरांचे २०२३ चे नवे आचारनियम जाहीर झाले त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच चालतात. लेटरहेड मात्र महाराष्ट्राचा नंबर आल्यावरच छापा. लोक आधी हजार पानं छापून बसतात.

आणि एजंटला सांगा, प्रत्येक परवान्याचं नाव, कार्यालय आणि सरकारी फी वेगवेगळी लिहून दे. बहुतेक तो परत फोन करणार नाही.

सीमेवरचा_फिजिशियन

एनओसीचा अर्ज आज भरतोय, मशीनचं पत्र उद्या बेळगावच्या कार्यालयात देतो. पालिकेचं उत्तर आलं की इथेच टाकतो. कोल्हापुरात सामायिक केंद्राच्या सभासदत्वाचा अनुभव कुणाला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.