धागा: वायर तुटली, जोडली, चटका बसला... तुमचे अनुभव लिहा

पायरीवरची
आज सकाळी लेकाचा युनिफॉर्म इस्त्री करताना फट् आवाज, निळी ठिणगी आणि तो वास. जळक्या रबराचा. वासासरशी थेट १९८६ सालातल्या आमच्या चाळीतल्या खोलीत जाऊन पोचले.

तेव्हाच्या इस्त्रीची वायर वेगळी निघायची. काळीपांढरी सुती वेणी, टोकाला चिनी मातीचा सॉकेट, त्याच्या मागे स्प्रिंग. तुटायची ती नेहमी स्प्रिंगच्या तोंडाशीच, कारण तिथेच वळते ना. दादा (माझे वडील) रविवारी पेपर पसरून बसायचे. तेवढा तुकडा कापायचा, जुन्या दाढीच्या ब्लेडने सोलायचं, तारा पिळायच्या आणि स्क्रूखाली घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायच्या. उलट गुंडाळली तर स्क्रू आवळताना तार बाहेर सरकते, हे मला दुसरीत माहीत होतं, पाढे नव्हते येत.

दर वेळी वायर दोन बोटं कमी. शेवटी इतकी आखूड झाली की आईने टेबलच बोर्डाखाली ओढलं आणि पुढची कैक वर्षं भिंतीकडे तोंड करून इस्त्री केली.

नवरा म्हणतोय फेकून दे, नवी घेऊ. हात होत नाहीये. तुमच्याकडे कोण जोडायचं?

अर्धाकपचहा
उंदीर!! मिक्सरची वायर कुरतडलेली, पाहुणे दारात, खोबरं अर्धवट फिरलेलं. सासूबाईंनी पाटा काढला. सगळे म्हणाले, आज चटणी काय झालीये. आता मिक्सर बिघडला की सासूबाई खूश, मला तर उंदरावरही शंका नाही राहिली ;)

स्क्रूड्रायव्हर
पोटापाण्यासाठी हेच करतो म्हणून लिहितो. ताई, इस्त्रीला काळी चिकटपट्टी नको. गरम झालं की डिंक पाझरतो, पट्टी सरकते. मध्ये जोडही नको. हजार वॅटची इस्त्री २३० व्होल्टला सव्वाचार अँपिअरच्या वर ओढते, जोड सैल असला की तिथेच तापतो. तीन तारांची सुती वेणीवाली अख्खी नवी वायर घ्या, मागचं झाकण काढून आतल्या स्क्रूपाशी जोडा. पीव्हीसीची साधी नको, तापलेल्या तळाला टेकली की वितळते. आणि वायर बाहेर पडते तिथली पकड नीट आवळा, नाहीतर सगळा ताण स्क्रूवर येतो.
जुन्या वायरीत लाल फेज (वीज आणणारी), काळी न्यूट्रल (परत नेणारी), हिरवी अर्थ (गळलेली वीज जमिनीत नेणारी). नव्यात तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी. लोक हिरवी कापून मोकळे होतात, "ती काय कामाची" म्हणून. प्लगची अर्थची पिन लांब का असते माहितीये? आधी ती लागावी आणि शेवटी ती सुटावी म्हणून.

खोलीनंबर१४
हिरवी कापणारा हजर आहे. होस्टेलला खोलीत एकच दिव्याचा होल्डर. त्यात पिन अडकवून इस्त्री. पुढे सॉकेट मिळाला तर प्लग नाही, मग उघड्या तारा आणि काडेपेटीच्या काड्या खुपसून फिट्ट. काड्या गुल वर करून खोचल्या होत्या एकाने. वॉर्डन आधी ओरडले मग हसले मग परत ओरडले.

वऱ्हाडी_ऊन
हसू नका रे काड्यांवर. आमच्याकडे अकोल्याला कूलर होता, लोखंडी बॉडी. वायरला तीन ठिकाणी पट्टी, खाली पाणी सांडलेलं. धाकटा भाऊ अनवाणी गेला आन चिकटला. आजोबांनी लाकडी पाटाने हात सोडवला. वाचला. उजव्या तळव्यावर अजून डाग आहे. बाबांनी त्याच दिवशी पट्टीचं रीळ विहिरीत टाकलं. ती पट्टी त्यांनीच मारली होती, त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

अर्धाकपचहा
बापरे. भाऊ बरा आहे ना आता?

वऱ्हाडी_ऊन
हो, दोन पोरांचा बाप आहे. कूलरला हात लावत नाही, पाणी वहिनी भरते.

स्क्रूड्रायव्हर
म्हणून म्हणतो, घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (एवढा करंट गळला तरी लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. कूलर पुसतानासुद्धा प्लग काढून. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर असतं, म्हणजे बंद केलं तरी आत वीज राहतेच.

थेम्सकाठ
इकडे इंग्लंडमध्ये प्लगमध्येच फ्यूज असतो. इचलकरंजीहून आणलेल्या मिक्सरला इथला प्लग बसवला, घरात ३ अँपिअरचा फ्यूज होता तोच टाकला. ओलं खोबरं चाललं, इडलीचं पीठ घातलं की फट्. तीन फ्यूज गेल्यावर १३ चा घातला. मग वायर तेवढी जाड आहे का म्हणून रात्रभर झोप नाही.

खोलीनंबर१४
इडलीला तिकडे पीठ फुगतं का थंडीत?

थेम्सकाठ
ओव्हनचा दिवा लावून आत ठेवते. चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद.

अर्धाकपचहा
मी तीनास एक घेते. मेथी घाला थोडी.

पायरीवरची
आत्ता वाचलं सगळं. भावाचं वाचून कसंतरी झालं, वऱ्हाडी_ऊन.
दुपारी लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून वायर आणली, झाकण उघडलं, तपकिरी तार जळून तुटलेली होती. बसवली. बाहेर पकड पण आवळली. दुकानदार म्हणाला दीड मीटर पुरे, मी तीन घेतली. जमिनीवर लोळतेय, लेक दोनदा अडखळला.

थेम्सकाठ
मेथी किती? चमचा?