नुसतं 'पॉझिटिव्ह' नको, आकडा विचारा
एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) वरच्या नतालिझुमॅब या औषधाबद्दल कुणीतरी 'त्याने मेंदूत इन्फेक्शन होतं, नकोच' असं लिहिलंय. धोका खरा, पण सगळ्यांना सारखा नाही. हे इन्फेक्शन जेसी व्हायरसमुळे होतं; रक्ताच्या टेस्टमध्ये त्याची अँटीबॉडी निगेटिव्ह असेल तर धोका साधारण 10,000 त 1. पॉझिटिव्ह असेल आणि इंडेक्स (ही अँटीबॉडी किती आहे ते सांगणारा आकडा) 1.5 च्या वर असेल तर औषधाच्या तिसऱ्या वर्षी 1,000 त 3 च्या आसपास, त्यापुढच्या वर्षांत आणखी जास्त. निगेटिव्हचं पुढे पॉझिटिव्ह होऊ शकतं, म्हणून निगेटिव्ह असलात तरी दर 6 महिन्यांनी टेस्ट परत करायची. मनाने औषध बंद करू नका, काही महिन्यांत एमएस उसळतो.

आणि सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी नजर धूसर झाली, पाय जड पडले, की एमएसचा नवा झटका समजून लगेच स्टेरॉइड कशाला? गारव्यात बसून उतरलं तर तो उन्हाचा परिणाम. ताप नसताना 24 तासांवर टिकलं, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टना कळवा.