इंटरकूलर काढून पाणी-मिथेनॉल? आधी हिशेब बघा

उद्यमनगरी
काल इथं एकानं सल्ला टाकलाय: "मर्सिडीजच्या जुन्या सी 200 कॉम्प्रेसरला छोटी पुली घाला, 0.7 बार बूस्ट घ्या, इंटरकूलर काढून टाका आणि त्याजागी पाणी-मिथेनॉलचा फवारा मारा. पंप काच धुवायचा चालतोय, पाणी बोअरचं चालतंय." नव्या लोकांसाठी: छोटी पुली घातली की सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर, जास्त वेगानं फिरतो; बूस्ट म्हणजे त्यानं चढवलेला जादा दाब; आणि दाबून तापलेली ती हवा थंड करतो तो इंटरकूलर. खाली लोकांनी "नाद खुळा" म्हणून दाद दिलीय. कुणीतरी खरंच करून बसेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

एप्रिलात आपल्याकडं कोल्हापुरात 38 अंश. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब 0.95 बार धरा. रूट्स जातीच्या (दोन रोटर फिरवून हवा ढकलणाऱ्या) ब्लोअरनं त्यावर 0.7 चढवले, कार्यक्षमता 55 टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा 135 अंशांच्या आसपास. आता फवारा. 200 एचपी, एचपीमागं तासाला 250 ग्रॅम पेट्रोल, म्हणजे मिनिटाला साधारण 1,125 मिली. त्याच्या 15 टक्के म्हणजे 170 मिली, निम्मं पाणी, निम्मं मिथेनॉल. वाफ होताना पाणी किलोमागं 2,257 किलोज्यूल उष्णता ओढतं, मिथेनॉल 1,100. थेंबन् थेंब वाफ झाला तरी मिनिटाला 266 किलोज्यूल. तेवढ्याच वेळात इंजिन 10 किलो हवा ओढतंय. हवा थंड होणार 26 अंशांनी. 135 चे 109! बरा इंटरकूलर तीच हवा 60-65 वर आणतो.

फवारा इंटरकूलरच्या सोबतीला असतो, बदली म्हणून नव्हे. बीएमडब्ल्यूनं 2016 च्या एम4 जीटीएसला पाण्याचा फवारा दिला, डिकीत 5 लिटरची टाकी, प्लेनमवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या डब्यावर) तीन इंजेक्टर. इंटरकूलर मात्र जागेवरच ठेवला.

रंकाळा_रोटर
कालचा सल्ला माझाच. गणित बरोबर आहे, पण अर्धंच मांडलंय. सगळं पाणी पाइपातच वाफ झालं पाहिजे असं कुठं लिहिलंय? उरलेले थेंब सिलिंडरमध्ये जातात आणि कॉम्प्रेशन स्ट्रोकला वाफ होतात. नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं, तिथंच मरतं. ती थंडाई इनटेकच्या सेन्सरवर दिसतच नाही. उलट सेन्सर ओला झाला की खोटा आकडा दाखवतो, त्यावर भरवसा ठेवून ठिणगीचं टायमिंग वाढवणारे वेगळेच.

आणि इतिहास बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन डीबी 605 विमान इंजिनाला सुपरचार्जर होता, इंटरकूलर नव्हता. एमडब्ल्यू 50 वर, म्हणजे निम्मं मिथेनॉल आणि जवळजवळ निम्मं पाणी, ते धावत होतं.

उद्यमनगरी
धावत होतं, पण एका वेळी 10 मिनिटांची मर्यादा घालून! आणि त्या मिश्रणात अर्धा टक्का गंजरोधक तेल होतं. तुमच्या सल्ल्यात ते आहे का? सिलिंडरमधल्या थंडाईचं मान्य, ती मी हिशेबात धरली नव्हती. पण 109 अंशांची हवा विरळ असते. नॉक थांबलं तरी ताकद आलेली नाही. मग पुली बदलून मिळवलं काय?

शिरोली_फौंड्री
दोघंही पंपाचं बोलत नाही, आणि सगळ्यात जास्त इंजिनं तिथंच मरतात. काच धुवायचा पंप फार तर 2 बार देतो. त्यातून 0.7 बूस्ट वजा, उरले 1.3. नोझलचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळात चालतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी प्रवाह 19 टक्के कमी. शिवाय थेंब मोठे, ते पाइपाच्या भिंतीला चिकटून ओघळ होऊन एकाच सिलिंडरात जातात. 10 बारचा डायफ्राम पंप घ्या, मग तोच बूस्ट फक्त 4 टक्के खातो आणि धुकं पडतं.

बोअरचं पाणी तर विसराच. नोझलचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान, क्षार बसले की संपलं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो, त्यात कंजुषी कशाला?

ऊसकरी
मला एक कळत नाही, सगळे मिथेनॉल मिथेनॉल काय कराल्यात? कोल्हापूर जिल्ह्यात बसून मिथेनॉल! आपल्या उसाचं इथेनॉल आहे की. बाष्पाची उष्णता किलोला 900 च्या घरात, फार मागं नाही. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, कातडीतूनही शिरतं, आणि पेटलं तर दिवसा ज्योत दिसत नाही. गॅरेजात पोरं ते उघड्या बादलीत मिसळतात.

रंकाळा_रोटर
इथेनॉल आणणार कुठून? राज्य उत्पादन शुल्कवाले कारखान्याच्या टाकीला कुलूप लावून बसलेत. मिथेनॉललाही परवाना लागतोच, पण तुमचं इथेनॉल त्याहून अवघड.

ऊसकरी
पंपावर ई20 मिळतंय ते काय आहे मग? पाचवा हिस्सा इथेनॉलच, ऑक्टेन 95. थोड्या बूस्टला कसला फवारा न् कसलं काय.

सीपीआर_चौक
ई20 चं नाव काढू नका. लिटरमागं उष्मांक सहा-सात टक्क्यांनी कमी, दर तोच. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेलेच नाहीत. टाकीत पाणी मुरलं की एका मर्यादेनंतर इथेनॉल पाण्यासकट तळाला बसतं, आणि पंप आधी तेच ओढतो. ग्राहकाला विचारलं कुणी?

ऊसकरी
उसाला दर मिळाला की शहरातल्यांना त्रास होतो. साखर पडून राहते, इथेनॉलचे पैसे लवकर येतात. पाइप बदला, दोन-चार हजारांचं काम.

सीपीआर_चौक
शेतकऱ्याच्या नावावर माझ्या इंजिनात काहीही ओतायचं? पाइप मी का बदलायचे? आणि फक्त पाइप नव्हे, पंपाचे सील, गॅस्केट, सगळंच आलं.

शिरोली_फौंड्री
भांडण घरी करा. या धाग्यापुरतं महत्त्वाचं एवढंच: ई20 ला पूर्ण जळायला वजनाच्या 13.5 पटीच्या आसपास हवा लागते, साध्या पेट्रोलला 14.7. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर भरून काढतो. पूर्ण पाय दाबल्यावर तो बाजूला होतो आणि जुन्या मॅपवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं इंधन-टायमिंगचं कोष्टक) मिश्रण आठेक टक्के पातळ, म्हणजे इंधन कमी पडलेलं, राहतं. छोटी पुली, ई20, जुना मॅप, तिन्ही एकत्र आले तर पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटते. आणि ऊसकरी, ई20 इंजेक्टरमधून तापलेल्या व्हॉल्व्हवर पडतं, ब्लोअरमधून निघालेल्या हवेला ते पाइपात थंड करत नाही.

ऊसकरी
बरं, ते व्हॉल्व्हचं खरं. पण मिथेनॉलपेक्षा इथेनॉल बरं, हे मी सोडणार नाही.

रंकाळा_रोटर
मग ब्लोअरच्या आधीच फवारा द्या. रूट्समध्ये रोटरच्या फटीतून हवा मागं गळते, पाणी ती फट भरतं, हवाही तिथंच थंड होते. हे खोटं आहे म्हणा!

उद्यमनगरी
खोटं नाही. पण गाडी बंद केल्यावर केसमध्ये तळाला मिश्रण साचतं, ॲल्युमिनियम खातं, आणि रोटरवरचं कोटिंग उडालं की ती फट कायमची वाढते. करायचंच असेल तर बंद करण्याआधी दोन-चार मिनिटं फवारा न मारता चालवून ब्लोअर कोरडा करावा लागतो. रोज कोण करणार?

जोडणी अशी: नोझल इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या अलीकडं 15-20 सेंटिमीटर. टाकी नोझलच्या खाली. डिकीत वर ठेवली तर पाणी आपोआप ओढलं जातं, गाडी उभी असताना सिलिंडर भरतो, आणि सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून नोझलला अगदी लागून सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारा), पंपाजवळ नको. पाइप नायलॉन किंवा टेफ्लॉनचा. स्पार्क प्लग हीट रेंजमध्ये एक नंबर थंड, गॅप 0.6 मिमी. फवारा 0.3 बारला सुरू, पूर्ण प्रवाह 0.6 ला.

मॅप आधी फवारा बंद ठेवून सुरक्षित करा. मग दोन-तीन अंश टायमिंग वाढवा, तेही फ्लो सेन्सर लावूनच. प्रवाह तुटला की टायमिंग मागं आलं पाहिजे आणि बूस्ट सुटला पाहिजे. 170 मिलीनं 5 लिटरची टाकी अर्ध्या तासात रिकामी होते. गगनबावड्याच्या घाटात पाय दाबलेला असताना ती संपली तर मिश्रणही चारेक टक्के पातळ होतं, कारण मिथेनॉल इंधनही होतं. टाकीचा फ्लोट 1 लिटर उरतानाच बोलला पाहिजे.

रंकाळा_रोटर
इंटरकूलर राहू दे, चला. बोअरच्या पाण्याचंही मागं घेतो. पण फ्लो सेन्सरच्या किमतीत अजून एक पुली येते, आणि 0.5 बार बूस्टच्या आत साधा दाबाचा स्विच पुरतो.

शिरोली_फौंड्री
दाबाचा स्विच नोझल तुंबल्यावर दाब वाढलेला बघतो आणि सगळं ठीक आहे असं सांगतो. सेन्सर घ्या.