जुन्या ट्रकची बॉडी नव्या चेसीवर: ‘चढवली’, ‘बसवली’ की आणखी काही?

कोलशेत, ठाणे

एका पाटीच्या मजकुरावर अडले आहे.

माझ्या मामांचं कळंबोलीला ट्रकच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. सध्या तिथे एक जुना फार्गो ट्रक आहे, म्हणजे फार्गोचं नाक, केबिन आणि पुढची मडगार्ड. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात ज्या बनायच्या, त्यांतली. चेसी, म्हणजे चाकं, इंजिन आणि बॉडी जिच्यावर असतात ती खालची लोखंडी चौकट, गंजून गेलेली, इंजिन कधीच भंगारात गेलेलं. मालकांचे वडील ही गाडी चालवायचे, म्हणून ती त्यांना पुन्हा चालती बघायची आहे. रस्त्यावर काढणार नाहीत, कर्जतच्या वाडीतच फिरवणार. मामांनी आजच्या एका डिझेल पिकअपची चेसी इंजिन-गिअरबॉक्ससकट घेतली आहे आणि फार्गोची केबिन तिच्यावर येते आहे.

मालकांना गाडीशेजारी मराठी पाटी लावायची आहे. मी लिहिलं, ‘जुन्या ट्रकचे आधुनिक चासीसवर प्रत्यारोपण’. मामांना ते पटलं नाही. म्हणाले, एखादा अवयव बदलला तर प्रत्यारोपण, इथे सगळी गाडी खालून बदलली. त्यांचं बरोबर वाटतं. मग क्रियापद कोणतं? आणि चॅसिस, चासीस, चेसी यांतलं काय लिहू? वाचणारे वाडीत येणारे पाहुणे आणि मालकांची आई. आईंना कळलं पाहिजे.

ऐरोली

यासाठी ‘रीस्टोमॉड’ हा शब्द जगभर चालतो. मूळ रूप राखायचं आणि आतलं यंत्र आजचं घालायचं. अमेरिकेत तर याची मोठी हौस आहे. १९४६ पासून विकायला आलेल्या डॉज पॉवर वॅगनच्या केबिन घ्यायच्या आणि कमिन्स डिझेल इंजिनाच्या डॉज रॅमच्या चेसीवर ठेवायच्या, असं तिथे बरेच जण करतात. तोच शब्द देवनागरीत लिहा की.

कोलशेत, ठाणे

दादा, शब्द ठाऊक आहे, पण आईंना त्यावरून काही कळणार नाही. आणि तो शब्द फक्त ‘जुनं अधिक नवं’ एवढंच सांगतो. खाली काय गेलं आणि वर काय राहिलं, ते त्यात येत नाही.

तुर्भे

ताई, मी याच धंद्यातला. आम्ही ‘चढवणं’ आणि ‘बसवणं’ दोन्ही म्हणतो, पण एकाच कामाला नाही.

केबिन चेनपुलीला लटकवून चेसीच्या वर आणली आणि खाली सोडली की ‘चढली’. ते अर्ध्या दिवसाचं काम. तेव्हा ती लाकडी गुटक्यांवर नुसती टेकलेली असते. एक दार लागतं, दुसरं लागत नाही. स्टीअरिंगचा दांडा भलत्याच ठिकाणी येतो. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं, कारण आजच्या गाडीची रुंदी जास्त.

तिथून पुढे ‘बसवायचं’ काम. आधी चेसीवरून ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूने खुणा करायच्या, दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले तरच चेसी सरळ. मग केबिनचे कर्ण. जुन्या केबिनचे सहसा सारखे येत नाहीत. पत्र्यावर बोटाने टिचकी मारत जायचं. जिथे आवाज ठणठणीत येतो तिथे पत्रा आहे, जिथे भद्द येतो तिथे कोणीतरी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचं लुकण, भरून ठेवली आहे. ती सगळी खरवडून काढली की खाली काय उरलंय ते कळतं. पुढच्या चाकाचा मध्य आणि मडगार्डच्या कमानीचा मध्य एका रेषेत यायला हवा. त्यासाठी केबिन पुढे-मागे सरकवायची. तेवढ्याने भागलं नाही तर काही जण चेसी मधून कापून लहान करतात, पण तो जबाबदारीचा मामला आहे, वाटेल त्याच्याकडून करून घेऊ नये.

मामांना हे सगळं माहीतच असणार, तरी इथे वाचणाऱ्यांसाठी सांगतो. चेसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंगही करायचं नाही. गाडी वाकते तेव्हा ताण सगळ्यात जास्त त्याच पट्ट्यांवर येतो. तडा तिथूनच सुरू होतो. बॉडी ब्रॅकेटवर घ्यायची, मध्ये रबर द्यायचं. ब्रॅकेटसुद्धा चेसीच्या उभ्या बाजूला बोल्टने. आणि गाडीवर कुठेही वेल्डिंग मारायच्या आधी बॅटरीच्या वायरी काढायच्या, नाहीतर नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर उडतो.

पाटीसाठी एक सांगतो. ‘बसवली’ चालेल, ‘बसली’ लिहू नका. आमच्याकडे ‘पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले’, ‘इंजिन बसलं’ म्हणजे निकामी झालं.

नौपाडा, ठाणे

‘चेसी’ लिहा, बिनधास्त. हा शब्द मुळात फ्रेंच, आणि फ्रेंचमध्ये शेवटचा ‘स’ उच्चारतच नाहीत. म्हणजे गॅरेजमधला ‘चेसी’ हा उच्चार पुस्तकातल्या ‘चॅसिस’पेक्षा मुळाला जवळचा आहे. त्याच्याही मागे लॅटिनमधला पेटी या अर्थाचा शब्द आहे. आपण पेटीला म्हणतो ती ‘केस’ आणि रोख पैशाची ‘कॅश’ हे त्याच घरचे. मराठीत चेसी स्त्रीलिंगी झाली आहे. ‘ती चेसी, त्या चेसीचा नंबर’ असंच सगळे बोलतात, तसंच लिहावं. ‘सांगाडा’ सुचवतात काही जण, पण बॉडीलाही आतून लाकडाचा किंवा अँगलचा सांगाडा असतोच. मग पाटी वाचणाऱ्याला कोणता सांगाडा ते कळणार कसं?

मालवाहू भाग मागे लावणार असाल तर त्याला ‘हौदा’ म्हणा, ‘हौद’ नको. वर्तमानपत्रांतही ही चूक सारखी दिसते. हौद पाण्याचा, म्हणून ‘हौदात’. हत्तीच्या पाठीवर असतो तो हौदा, म्हणून ‘हौद्यात’. ट्रकच्या पाठीवरचा तो हौदाच. दोन्ही शब्द अरबीतून आलेले, पण वेगवेगळे. हौद्याची मागची उघडणारी फळी म्हणजे फाळका. इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना ‘बॅकडोअर’ लिहिलेलं बघवत नाही.

ट्रक यायच्या आधीही आपल्याकडे हा प्रश्न होताच. बैलगाडीचा आख आणि चाकं वेगळी, त्यावरचा साटा वेगळा. चाक मोडलं तर सुतार नवं करून द्यायचा, साटा तोच. तेव्हा ‘गाडीला नवी चाकं घातली’ म्हणायचे. ‘नव्या चाकांवर जुनी गाडी चढवली’ असं कोणी म्हणत नसे. गाडी कोणती, हे ज्याच्या त्याच्या मनात पक्कं होतं. तुमच्या वाक्यातही आधी ते ठरवा. ‘फार्गोला नवी चेसी घातली’ म्हटलं तर गाडी फार्गो. ‘नव्या चेसीवर फार्गोची बॉडी चढवली’ म्हटलं तर गाडी ती नवी, आणि फार्गो तिच्या अंगावरचा कपडा.

वाशी

नौपाड्याच्या काकांनी सांगितलेला फरक कायद्यातही आहे, आणि तिथे उत्तर एकच आहे. गाडी म्हणजे चेसी नंबर. नोंदणी त्याच्यावर, विमा त्याच्यावर. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कारखान्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे ‘वाडीतच फिरवणार’ हे मालकांनी शब्दशः पाळावं. ‘जरा हायवेपर्यंत’ असंही नको.

आणि पाटीवर ‘विंटेज’ अजिबात लिहू नका. २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी केंद्राने वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, तीही खाजगी वापराची, आणि चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. तुमच्या गाडीत तर चेसीही बदलली आणि इंजिनही. विंटेज हा शब्द मुळात द्राक्षाच्या हंगामाचा, अमुक सालच्या द्राक्षांची वाइन अशा अर्थाचा. त्यात दुसऱ्या सालचं मिसळलं की तो शब्द लागू होत नाही.

कोलशेत, ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कळंबोलीला जाऊन आले. केबिन चढली आहे, बसायची आहे. फार्गोचं नाक अरुंद, त्यात आजचा रेडिएटर आणि पुढे इंटरकूलर मावत नव्हता, म्हणून मामांनी आतला जुना पत्रा बोटभर मागे घेतला आहे. बाहेरून जाळी होती तशीच. जाळीच्या एका पट्टीवर जुना हिरवा रंग अजून आहे, तो मालकांनी घासू दिला नाही.

परत येताना एक शब्द सुचला, तो इथे ठेवते. कलम.

आमच्या शेजारच्या आजी कोकणातल्या. त्यांच्याकडे कोय कलम करताना पाहिलं आहे. कोयीतून नुकतं उगवलेलं कोवळं रोप असतं, तो खुंट. जुन्या, चांगल्या फळाच्या हापूसची काडी आणायची, तिचं टोक पाचरीसारखं तासायचं, खुंटाला मधोमध चीर देऊन त्यात बसवायची आणि बांधून टाकायचं. मूळ आजचं, फांदी जुन्या झाडाची. आमच्या गाडीतही खालचं सगळं आजचं आणि वरचं जुनं. वाक्यातही तो शब्द सरळ बसतो, ‘नव्या चेसीवर जुन्या फार्गोचं कलम’.

आणि काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात आहे. झाड हापूसचंच म्हणतात, खुंट कशाचा होता ते कोणी विचारत नाही.

वाशी

ताई, शब्द फार आवडला. पण ओळखायची रीत उलटी आहे, हे लक्षात असू द्या. बागेत नाव काडीचं, आरटीओत नाव खुंटाचं. पाटीवर फार्गो लिहा, पण कागद विचारला तर चेसीचाच दाखवावा लागेल. ज्या कलम ५२ चं मी वर लिहिलं, तेही कलमच.

नौपाडा, ठाणे

तिन्ही कलमं एकच आहेत. अरबीत कलम म्हणजे बोरू. बोरूचं टोक तिरकं छाटतात तशी काडी छाटतात, म्हणून झाडाचं कलम. बोरूने लिहिलेलं म्हणून कायद्याचं कलम. एकच सूचना करतो. क्रियापद ‘केलं’ घ्या, ‘बांधलं’ घेतलंत तर वाचणारा झाड शोधेल. आणि ‘बॉडी’ तशीच ठेवा, ‘शरीर’ करू नका.

तुर्भे

कलम धरलं की नाही हे बागेत कोंब फुटल्यावर कळतं, आमच्याकडे पहिला खड्डा आल्यावर. मामांना सांगा, पहिले १०० किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत आवळायचे. नवीन रबर दबतं आणि बोल्ट सैल पडतात.

कोलशेत, ठाणे

सांगितलं मामांना. पाटी त्यांना आणि मालकांच्या आईंना वाचून दाखवली. आईंनी एकच शब्द बदलायला लावला. मी ‘ट्रक’ लिहिलं होतं, त्या म्हणाल्या, घरात कोणी ट्रक म्हणत नव्हतं. आता अशी रंगवायला दिली आहे:

‘आमची फार्गो गाडी. केबिन आणि नाक मूळचं, कुर्ल्याच्या कारखान्यातलं. चेसी आणि डिझेल इंजिन आजचं. नव्या चेसीवर जुन्या गाडीचं हे कलम कळंबोलीत केलं.’