टबाला ऊब द्यायची तर बल्ब नको

बॉल पायथन (पाळीव अजगराची एक जात) ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या टबावर उबेसाठी बल्ब लावू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया नका लावू. त्या आचेने प्लॅस्टिक मऊ पडून वाकतं. हीट मॅटच घ्या, म्हणजे टबाखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, पण थर्मोस्टॅटसकट, म्हणजे तिचं तापमान आवरणाऱ्या यंत्रासकट, त्यात काटकसर अजिबात नको. मॅट एका टोकाला, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली. तिकडे 31-32 अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला 25-26. साप जागा बदलूनच अंगातली ऊब सांभाळतो, त्यामुळे सगळा टब सारखा तापवला तर बिचाऱ्याने जायचं कुठे?

थर्मोस्टॅटच्या सेन्सरचं, म्हणजे तापमान टिपणाऱ्या टोकाचं, मात्र नीट ऐका. मी तो आत ठेवला होता. इथे न्यू जर्सीत ऐन जानेवारीत सापाने वेटोळं सोडताना तो ढकलून गार कोपऱ्यात नेला. थर्मोस्टॅटला वाटलं थंडी आहे, मॅट तापतच राहिली. सकाळी बघते तर साप पाण्याच्या भांड्यात बसलेला, तळाला हात टेकवत नव्हता. तेव्हापासून सेन्सर बाहेरून, मॅट आणि टबाच्या मध्ये. आत चिकटपट्टी वापरू नका, खवल्यांना चिकटते. आतला तळ इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा आणि त्यावरून थर्मोस्टॅट थोडा वर-खाली करा. टबाखाली हवेला जराशी फटही राहू द्या.