पाठवल्यावर पोटात गोळा आलेल्या ईमेल : अनुभव लिहा

काल माळ्यावर आजोबांची इनलँड लेटरं सापडली. 'सप्रेम नमस्कार वि. वि.' आणि लगेच मुद्दा : मंगळवारी सकाळच्या एसटीने येतो, स्टँडवर कोणी येऊ नये. दुमडीवर ता.क. : आंब्याची पेटी आणतोय. संपलं. मला माझी २०११ ची मेल आठवली. नवी नोकरी, विषय 'अर्जंट', आत चार परिच्छेद. साहेबांचं उत्तर : "नक्की काय हवंय?" एक दिवसाची रजा हवी होती हो. ती तिसऱ्या परिच्छेदात होती. तुमचेही येऊ द्या.

भाकरवडी
रिप्लाय ऑल. पुढचं विचारू नका.

खडूस_काका
विचारणारच 😀

भाकरवडी
मैत्रिणीला लिहिलं, "या बाईंना कोणीतरी आवरा." बाई सीसीत होत्या. त्यांचं उत्तर आलं : "आवरतेय." अजून दिवाळीला फराळ पाठवतात!

शेवंती
जीमेलचं अनडू सेंड (पाठवलेली मेल मागे घ्यायची सोय) ५ सेकंदांवर असतं, सेटिंगमध्ये जाऊन ३० करा. मी तर 'टू'मधला पत्ता सगळ्यात शेवटी भरते. आधी मजकूर, मग अटॅचमेंट, मग... कुकरच्या शिट्ट्या झाल्या, येते.

सातासमुद्रापार
अमेरिकन सहकाऱ्याला लिहिलं, 'आय हॅव अ डाउट.' साधा प्रश्न होता. त्याला वाटलं मी त्याच्या कामावरच शंका घेतेय, दोन दिवस गाल फुगवून. शिवाय ५/६ ची मीटिंग : मी ५ जूनला, तो ६ मेला. तेव्हापासून महिना अक्षरात.

टेबल_नं_४
आमच्याकडे मेललासुद्धा विषय, संदर्भ, महोदय. आलेल्या मेलची प्रिंट काढून आवक नोंदवही. हसा खुशाल, पण सहा महिन्यांनी फाइल शोधताना तो 'संदर्भ क्र. २'च कामी येतो. 'उपरोक्त विषयान्वये' मात्र मलाही नको वाटतं.

खडूस_काका
सोसायटीचा सेक्रेटरी असताना पाणीकपातीची मेल सगळ्यांना 'टू'मध्ये टाकली. बीसीसी (म्हणजे एकमेकांचे पत्ते न दिसता पाठवणं) कशाशी खातात माहीत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याच यादीवर गोडा मसाला विकायला काढला.

भाकरवडी
मसाला कसा होता?

खडूस_काका
उत्तम. दोन किलो घेतला.

शेवंती
आले परत. काका, वहिनी अजून करतात का? आणि धागाकर्ते, त्या आंब्यांचं काय झालं?

धागाकर्ता
पुढच्या पत्रात आहे : 'निम्मे डागी निघाले, क्षमस्व.'